कोठाराचा घसा

मला राग चटकन येतो. पाणी तापायच्या आत हिचं डोकं तापतं, असं आमचे हे म्हणतात आणि म्हणून झालं की दोन पावलं मागे सरकतात. पण जेलरसाहेबांवरचा राग तसला नव्हता. तो मी शाळेत जात होते तेव्हापासून जपून ठेवला होता. माझी पोरंसुद्धा मी इतक्या काळजीनं वाढवली नसतील.

आमच्या गावातला तुरुंग हा मुळात तुरुंग नव्हताच, धान्याचं कोठार होतं. दगडी भिंती, हातभर नाही, चांगल्या दोन-अडीच हात जाड. पोती वरच्या मजल्यावर न्यायची आणि भिंतीतल्या एका तिरक्या नळीतून धान्य खाली ओतायचं. खाली बिनखिडकीची खोली. त्या नळीला हमाल 'घसा' म्हणायचे, कारण वर ओतलं की थेट कोठाराच्या पोटात. पुढे कोठारात इतक्या चोऱ्या व्हायला लागल्या की सरकारनं धान्य हलवलं आणि त्या जागी चोर आणून ठेवले. बाबा हे सांगताना हसायचे. म्हणायचे, तेव्हापासून तिथली चोरी थांबली बघ.

वरची खोली जेलरची कचेरी झाली, खालची अंधारकोठडी. घसा कुणी बुजवला नाही. बुजवायचा कशाला? त्यातून माणूस काय, मांजरही वर आलं नसतं. फक्त खाली कुणी खोकलं की वर टेबलाशी बसलेल्याला ऐकू जायचं, आणि जुन्या जेलरांना ती सोयच वाटायची.

बाबा तिथे शिपाई होते. तुरुंग लहानसाच. मोठे गुन्हेगार शहरात जायचे, आमच्या वाट्याला सायकलचोर, दारू पिऊन डोकी फोडणारे आणि जामिनाला कुणी न मिळालेले. मागच्या शेडमध्ये माग होते, कैदी सतरंज्या विणायचे. त्यात एक दमेकरी विणकर होता. अंगानं काडी, पण नकला करण्यात असा पटाईत की शिपायांना पहाऱ्यावर झोप येत नसे. जेलरसाहेब तेव्हा नवे होते, तरुण होते आणि त्यांचे बूट चालताना करकरायचे. एका सकाळी हजेरीच्या वेळी हा विणकर त्यांच्या पाठीमागून तोंडानं तसाच करकर आवाज काढत चालला. अख्खी रांग फिसकन हसली, शिपायांसकट. साहेबांनी वळून बघितलं. एवढाच त्या माणसाचा गुन्हा.

त्याला अंधारकोठडीत टाकलं. कोठडीची किल्ली एकच, आणि ती पहाऱ्यावरच्या शिपायाच्या कमरेला राहायची. पहारा बदलला तरच दुसऱ्याच्या हाती जायची, हा त्या तुरुंगाचा नियम. पहारा बाबांचा होता. बाबांनी कुलूप लावलं आणि साहेबांनी हात पुढे केला.

"ती इकडे दे. उघडायचं कधी ते मी ठरवीन."

बाबांनी दिली. साहेबांना नाही म्हणायची पद्धत नव्हती. त्यांची चूक म्हणाल तर ती एवढीच, आणि तिथला कुठलाही शिपाई असता तर त्यानंही तीच केली असती.

दुपारी आतून दारावर धडका बसायला लागल्या. बाबा धावत वर गेले. साहेब जेवत होते. दाराशी नुसत्या धडका ऐकू येत होत्या, पण वर कचेरीत घशातून शब्द न् शब्द येत होता. श्वास लागतोय, दार उघडा, आई गं, असं सगळं. बाबांनी हात पुढे केला आणि किल्ली मागितली. साहेबांनी घास गिळला आणि म्हणाले, "ओरडू दे. ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे."

बाबा खाली आले. थोड्या वेळानं पुन्हा वर गेले. तोवर साहेबांनी खुर्चीवरची उशी घशाच्या तोंडात कोंबली होती आणि ते बाकावर आडवे झाले होते. बाबांनी पुन्हा हात पुढे केला. साहेबांनी कूस बदलली.

संध्याकाळी दार उघडलं तेव्हा विणकर दाराशी मरून पडला होता. डॉक्टरला बोलवायच्या आधी साहेबांनी एक काम केलं. स्वतःच्या हातानं ती किल्ली बाबांच्या कमरेला अडकवली.

चौकशी झाली. चौकशीवाले अधिकारी यायच्या आत कचेरीला चुना देऊन झाला होता. दरवर्षीचाच चुना म्हणे! बाबा सांगत राहिले की इथे भिंतीत घसा आहे, साहेबांना सगळं ऐकू येत होतं, किल्ली त्यांच्याकडे होती. अधिकाऱ्यांनी भिंतीवरून हात फिरवला. गुळगुळीत. मग एका शिपायाला कोठडीत उभं करून ओरडायला लावलं आणि सगळे वर कान देऊन बसले. एक आवाज आला नाही. साहेब हळहळून म्हणाले, "आतून कितीही ओरडा, वर काही ऐकू येत नाही हो. नाहीतर मी धावलो नसतो का?" बाकीचे शिपाई मूग गिळून बसले. त्यांनाही पोरंबाळं होती, हे बाबा म्हणतात. मी म्हणत नाही.

बाबांची नोकरी गेली आणि शिक्षा झाली. ती कुठे भोगली? त्याच तुरुंगात. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर चहा प्यायले ते सकाळी त्यांची हजेरी घेत. आणि पुढच्या वर्षी कचेरीला चुना द्यायची वेळ आली तेव्हा साहेबांनी मुद्दाम बाबांनाच बादली आणि कुंचा दिला. त्याच भिंतीला. बाबांनी स्वतःच्या हातानं त्या घशावर चुना फासला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. मी तेव्हा ताट भिरकावलं होतं, त्याचा पोचा अजून आहे.

गावानं बाबांचं नाव 'कुलूप' ठेवलं. आला बघा कुलूप. मी कुलपाची पोरगी. शाळेत पोरं माझ्या दप्तराला मोडकी कुलपं अडकवायची. मी एकाच्या कपाळावर तेच कुलूप आपटलं, तेव्हा थांबली. आईनं शिवणकाम करून घर चालवलं. बाबा सुटून आले, लाकडाच्या वखारीत कामाला लागले आणि घरातल्या सगळ्या दारांच्या कड्या त्यांनी स्क्रू काढून उपटून टाकल्या. न्हाणीघराचीसुद्धा. आई वैतागून पडदा लावायची. आजतागायत आमच्या घरात बंद दार म्हणून नाही. थंडीत कुडकुडतो, पण नाही. आणि आवाज चढवून बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. त्यांच्या वाटचं सगळं ओरडणं मीच करत आले.

साहेब मात्र चढत गेले. मोठ्या तुरुंगांवर बदल्या, बढत्या, मग सन्मानानं निवृत्ती. म्हातारपणी गावात परत आले तर कार्यक्रमाला पाहुणे म्हणून, शाळेत भाषणाला म्हणून. 'माणुसकीचा जेलर' म्हणून पेपरात फोटो. मी त्या पेपरात भाजीची देठं गुंडाळली.

तुरुंगाचं काय झालं म्हणाल, तर कैदी शहरातल्या नव्या तुरुंगात गेले आणि ही इमारत वाऱ्यावर पडली. कोर्टानं जप्त केलेल्या सायकली तिथे गंजत पडल्या. परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे अंधारकोठडीत ठेवायला लागले, म्हणजे माझ्या पोरानं जो गणिताचा पेपर दिला तो आदल्या आठवड्यात तिथे कोंडलेला होता. एकदा नदी चढली तेव्हा खालच्या वस्तीतली माणसं तिथे राहिली, आणि कोठडीत एका बाईचं बाळंतपणही झालं. मग सिमेंटचं गोदाम. मग काहीच नाही, वटवाघळं. आणि शेवटी एका शहरातल्या बाईनं ती जागा भाड्यानं घेऊन हॉटेल काढायचं ठरवलं. तुरुंगात राहायला लोक पैसे देतात म्हणे! आमचे हे म्हणाले, "मग आपले बाबा तर पहिले पाहुणे." मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी चहा न पिताच दुकान गाठलं.

मी तिथे कामाला लागले. खोल्यांची व्यवस्था, चादरी, साफसफाई, किल्ल्या, सगळं माझ्याकडे. लोक म्हणाले, लाज नाही वाटत हिला? नाही वाटली. त्या इमारतीच्या किल्ल्या कुलपाच्या पोरीच्या कमरेला असाव्यात असं मला फार वाटत होतं. मालकीणबाई तशी वाईट नव्हती. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढी, सारखी फोनवर, मला ताई म्हणायची. कोठड्यांमध्ये तिनं गाद्या आणि दिवे बसवले, कचेरीचा जेवणाचा हॉल केला. अंधारकोठडी मात्र तशीच ठेवली. ज्याला हौस असेल त्यानं आत बसून अंधाराचा अनुभव घ्यायचा. घरात अंधार झाला तर लोक वीज मंडळाला शिव्या घालतात आणि इथे हौस!

मग एक दिवस पितळी फलक आला. कोठडीच्या दाराशी लावायचा होता. मी पुसायला घेतला आणि वाचला. 'याच कोठडीत कुलूप या टोपणनावाच्या शिपायाच्या निष्काळजीपणामुळे एका कैद्याचा गुदमरून मृत्यू झाला. त्याच्या किंकाळ्या कुणालाही ऐकू आल्या नाहीत.'

हातातलं फडकं तिथेच टाकलं. मी मालकीणबाईसमोर जाऊन उभी राहिले. सगळं सांगितलं, घसा, उशी, किल्ली. तिनं फोन खाली ठेवून ऐकलं, तेवढं कबूल करते.

"ताई, मला वाईट वाटतंय हो," ती म्हणाली. "पण ही माहिती जेलरसाहेबांनी स्वतः दिलीय. उद्घाटनाला तेच येणार आहेत, फलक तेच उघडणार आहेत. तुमच्याकडे काही पुरावा आहे का? तुमचे बाबा सोडून?"

बाबा सोडून! म्हणजे बाबा मेले तरी त्यांचं कुलूप पितळेत राहणार, येणारा-जाणारा वाचणार, माझी नातवंडं वाचणार. त्या दिवशी मी ठरवलं की हा फलक भिंतीवर राहणार नाही. कसा, ते माहीत नव्हतं.

कसं ते गवंड्यानं दाखवलं. मालकीणबाईला भिंतींचा दगड दिसायला हवा होता, म्हणून हॉलचा गिलावा खरवडायचं काम चाललं होतं. ती शहरात गेली होती. गवंड्यानं मला हाक मारली. "मावशी, इथे दगडात विटा कशा काय आल्या?" मी गेले. सगळी भिंत दगडी आणि मधेच टोपलीच्या तोंडाएवढ्या जागेत विटा कोंबलेल्या. मी खालीच बसले. गवंडी घाबरला, पाणी आणायला धावला. मला पाणी नको होतं. मी म्हटलं, काढ त्या विटा. विटांमागून काय निघालं? कुजलेली, काळी पडलेली उशी. मग आम्ही खाली कोठडीत गेलो. छताच्या कोपऱ्यात दुसरं तोंड होतं, गोणपाट आणि चुन्यानं बुजवलेलं. तेही मोकळं केलं. अंधारात ते कुणाला दिसण्यासारखं नव्हतंच.

मी गवंड्याला खाली उभं केलं आणि वर येऊन ऐकत बसले. तो बिचारा लाजून फक्त खाकरला. मला वाटलं कुणी माझ्या कानाशी खाकरलं.

आता कुणीही शहाणं माणूस म्हणेल, मालकीणबाईला बोलवायचं, भोक दाखवायचं, मिटलं. पण मी साहेबांना ओळखत होते. ते म्हणाले असते, हे माझ्या आधीच बुजवलेलं असेल बुवा, मला कल्पना नाही. आणि खरं सांगू? मला नुसता पुरावा नको होता. मला त्यांना ओरडताना ऐकायचं होतं. गवंड्याला म्हटलं, तोंड बंद ठेव. आणि त्या भोकावर मी साहेबांचा गणवेशातला मोठा फोटो टांगला. मालकीणबाई आली आणि खूश झाली. "वा ताई, जागा छान निवडलीत."

उद्घाटनाच्या दिवशी बाबांना घेऊन जायचं तर महाभारत झालं. सुटून आल्यापासून त्यांनी त्या रस्त्यानं पाऊल टाकलं नव्हतं. मी म्हटलं, नुसतं जेवायचंय. ते म्हणाले, मला भूक नाही. मी म्हटलं, मग मीही जेवणार नाही, आजपासून कधीच. बाबा उठले आणि त्यांनी शर्ट बदलला. वय झालंय, पाय ओढतात, पण कान अजून शाबूत आहेत. मी त्यांना हॉलमध्ये फोटोच्या अगदी जवळच्या खुर्चीवर बसवलं.

पाहुणे आले, नगराध्यक्ष आले, पेपरवाले आले. साहेब काठी टेकत आले. गोरेपान, इस्त्रीचे कपडे, तोंडावर हसू. बाबांकडे बघून त्यांनी मान हलवली, जशी कुठल्याही म्हाताऱ्याला हलवावी. ओळखलंच नाही! ज्याचं आयुष्य खाल्लं त्याचा चेहराही लक्षात ठेवला नाही. मला वाटलं होतं त्यापेक्षा हे जास्त झोंबलं.

जेवण झाल्यावर ते बोलायला उभे राहिले. कैद्यांना कसं लिहायला शिकवलं, कसं प्रेमानं वागवलं. मग आवाज जड करून अंधारकोठडीची गोष्ट. "एका शिपायाच्या बेफिकिरीपायी एक जीव गेला. मी इथे, या खोलीत होतो. पण आतून कितीही ओरडा, वर काही ऐकू येत नाही. ते शल्य आजही आहे." बायकांनी डोळे टिपले. बाबा टेबलावरचा एक कण बोटानं सारखा इकडून तिकडे करत होते.

मी ग्लास उचलत होते, ते तसेच ठेवले. पदर सारखा केला आणि अगदी गोड आवाजात म्हटलं, "साहेब, पाहुण्यांना दाखवाल का? तुम्ही आत बसून हाक मारायची, आम्ही इथे ऐकायचं."

मालकीणबाईनं टाळीच वाजवली. "काय मस्त कल्पना! साहेब, दोनच मिनिटं!" पेपरवाल्यानं कॅमेरा काढला. साहेब थोडे घुटमळले, पण एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? आणि त्यांना खात्री होती. भिंत त्यांनीच बुजवली होती ना!

मी त्यांना जिन्यावरून हाताला धरून खाली नेलं. कोठडीतल्या बाकावर बसवलं. दाराकडे आले, दिवा घालवला. अंधारातून त्यांचा आवाज आला, हसतच, "तू फार व्यवस्थित आहेस गं. गावातलीच का? कुणाची मुलगी?"

"कुलपाची," मी म्हटलं आणि दार लावलं.

कुलूप फिरवलं, किल्ली कमरेला अडकवली आणि जिना चढून वर आले. घाई केली नाही. हॉलमध्ये सगळे गप्प बसून कान देत होते, कुणी खुसखुसत होतं. मी बाबांच्या मागे गेले आणि साहेबांचा फोटो भिंतीवरून उतरवला.

"...उघड! ए पोरी! ऐकतेस का?"

हॉलमधले सगळे दचकले. एकीच्या हातातला चमचा पडला. आवाज असा आला की साहेब भिंतीतच उभे आहेत. मालकीणबाई भोकाकडे बघत राहिली.

"दाराशीच आहेस ना? मला माहितीय. हे बघ, चेष्टा पुरे. मला श्वास लागतो." मग काठी दारावर आपटल्याचा आवाज. "अगं, माझं वय बघ! झालं ते झालं! तुझा बाप दोनदा वर आला होता, मान्य आहे! किल्ली मी दिली नाही, मान्य! त्याला मरू द्यायचं नव्हतं मला, नुसता धडा शिकवायचा होता! मला काय माहीत तो मरेल? बास का आता? उघड!"

कुणी हललं नाही. पेपरवाल्याचा कॅमेरा हातातच राहिला. नगराध्यक्ष आपल्या ताटाकडे बघत बसले होते. मी मात्र बघून घेतलं, एकेकाचं तोंड नीट बघून घेतलं. शाळेतली ती पोरं तिथे असती तर फार बरं झालं असतं.

खालचा आवाज फाटायला लागला. "उघडा हो कुणीतरी! श्वास... आई गं..."

"ताई, उघडा आता," मालकीणबाई म्हणाली. रडकुंडीला आली होती. "ताई, किल्ली द्या. त्यांना काहीतरी होईल."

मी किल्ली मुठीत धरली. इतकी वर्षं वाट बघितली होती, दोन मिनिटांत कशी सोडू? माझ्या तोंडून आपसूक निघालं, "ओरडू दे. ओरडतायत म्हणजे श्वास चालू आहे."

बाबांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं.

मी त्यांच्यावर कितीदा चिडले असेन, त्यांनी कधी माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं. त्या खोलीत, त्याच जागी, ते वाक्य त्यांनी एकदा ऐकलं होतं. बाबा खुर्चीच्या पाठीला धरून उठले आणि माझ्यापुढे हात पसरला.

"किल्ली."

"बाबा, थोडं थांबा. अजून थोडं."

त्यांनी हात तसाच धरून ठेवला. तो हात साहेबांपुढे दोनदा असाच पसरलेला होता आणि दोनदा रिकामा खाली आला होता. तिसऱ्यांदा तो रिकामा परत पाठवणारी मी असणार होते का? मला रडू फुटलं, रागानं फुटलं. मी किल्ली त्यांच्या हातावर आपटली.

बाबा निघाले. मी आधार द्यायला गेले तर त्यांनी कोपर झटकलं. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते, पाय ओढत, मधे दम खात. खालून साहेबांच्या हाका चालू होत्या आणि प्रत्येक पायरीगणिक साहेबांना वाट बघावी लागत होती. तेवढं तरी माझ्या पदरात पडलं. सगळी माणसं जिन्यावर गोळा झाली.

बाबांनी कुलूप उघडलं. हात सवयीनं गेला, एवढ्या वर्षांनीही किल्ली अडखळली नाही. दार ओढलं. साहेब दाराशी खाली बसले होते, इस्त्रीचे कपडे घामानं अंगाला चिकटलेले, काठी कुठेतरी पडलेली. उजेडात त्यांनी डोळे बारीक करून वर बघितलं आणि या वेळी मात्र ओळखलं.

बाबा वाकले, त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं. मग हळूच म्हणाले, "साहेब, आवाज आला हो वर. सगळ्यांना आला."

साहेबांनी पडलेली काठी चाचपली. ड्रायव्हर त्यांना धरून गाडीकडे घेऊन गेला. फलकावरचं कापड कुणी ओढलं नाही. मालकीणबाईनं तो खिळ्यावरून काढला आणि माझ्या हातात दिला. "ताई, याचं तुम्हीच काय ते करा," म्हणाली. पेपरात दुसऱ्या दिवशी सगळं छापून आलं, घशाचा फोटोसुद्धा. गावातले दोन म्हातारे, जुने शिपाई, बाबांना भेटायला आले आणि दारातच रडायला लागले. मी त्यांना चहा दिला नाही. बाबांनी उठून स्वतः केला.

उद्घाटनाच्या दिवशी घरी चालत येताना बाबा अर्ध्या वाटेत थांबले. मग म्हणाले, "ते वाक्य तुझ्या तोंडात कसं आलं गं?"

"तुम्हीच सांगितलं होतंत."

"माझ्या डोक्यातून जावं म्हणून सांगितलं होतं," ते म्हणाले. "तू उचलून ठेवलंस होय."

काखेत फलक होता आणि तो चांगलाच जड होता.

घरी येऊन मी तो न्हाणीघराच्या दाराशी फरशीवर टाकला, अक्षरं वर करून. येता-जाता त्यावर ओले पाय पुसायचे, दाबून पुसायचे. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आमचे हेसुद्धा पुसायला लागले. बाबा मात्र तिथून जाताना भिंतीला धरून पाय उचलायचे आणि फलक ओलांडायचे. आधीच पाय ओढतात, पडतील एखाद दिवस. मी ओरडले, "बाबा, त्यावर द्या की पाय! तुम्हाला कुलूप म्हटलंय त्यात!"

"त्यात त्या विणकराचं मरणही आहे," बाबा म्हणाले.

मला ते सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं मी बाबांसाठी जळत होते, त्या माणसाचा विचार कधी माझ्या मनातही आला नाही. दुसऱ्या दिवशी मी फलक उचलला, धुतला आणि भिंतीला टेकवून ठेवला, अक्षरं भिंतीकडे करून. राग गेला असं मात्र कुणी समजू नका.